जुन्या बुलेटचा कार्बोरेटर: आधी अमल बांधला, मग मिककार्ब बसवला

गाडी डिसेंबर १९८० ची बुलेट ३५०. कास्ट आयर्न इंजिन, पॉइंटचं इग्निशन, वर अमल मोनोब्लॉक कार्बोरेटर. आरसीची मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपत होती. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत करता येतो आणि त्याला चालू पीयूसी लागते, म्हणून दसऱ्यानंतर साताऱ्यात पीयूसी करून घेतली. मशीनवर कार्बन मोनॉक्साइड आला ५.८ टक्के. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीला मर्यादा ४.५ टक्के. हायड्रोकार्बनची मर्यादा ९,००० पीपीएम आहे, त्यात गाडी बसत होती. म्हणजे इंजिन फारसं मिसिंग करत नव्हतं, स्लो रेसला (मूठ मिटलेली असताना) नुसतं पेट्रोल जास्त ओढत होतं.

अशा वेळी गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळतो तो नवीन मिककार्ब (मिकुनीच्या रचनेचा कार्बोरेटर) टाकण्याचा. सल्ला चुकीचा नाही, पण घाईचा आहे. जुना कार्बोरेटर नीट बांधून, चालवून, त्याचे आकडे लिहून ठेवल्याशिवाय नवीन टाकला तर दोष कार्बोरेटरमध्ये होता की बाहेर, हे कधीच कळत नाही. तोच दोष नव्यावरही राहतो, आणि मग लोक नव्याचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी भोकाची पितळी तोंडं) बदलत बसतात.

म्हणून पाना लावण्याआधी बाहेरच्या गोष्टी तपासल्या. पॉइंटची गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. टॅपेट थंड इंजिनवर शून्य क्लिअरन्सला, म्हणजे पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (सगळ्यात वरच्या जागी) असताना पुशरॉड बोटाने सहज फिरायला हवा, पण वर-खाली हलता कामा नये. प्लगची गॅप ०.५ मिमी. कंडेन्सर संशयास्पद असेल तर शंभर-दीडशे रुपयांत बदलून टाकावा. पॉइंटवर जाड पांढरी-निळी ठिणगी दिसत असेल तर तो गेलेला असतो, आणि त्याची लक्षणं हुबेहूब कार्बोरेटरसारखी दिसतात. पेट्रोलचा प्रवाह तपासायला नळी काढून बाटलीत सोडायची. मिनिटाला २०० मिली आलं तर या इंजिनाला भरपूर झालं. सुरुवातीला धार चांगली येऊन मग बारीक होत गेली तर टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं असतं.

एअर फिल्टरही याच वेळी बघायचा. तो तुंबला की मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, आणि त्याचं खापर जेटवर फुटतं. इथे तो ठीक होता.

मोनोब्लॉकचं रिपेअर किट साताऱ्यात पोवई नाक्याच्या आसपास मिळालं नाही. पुण्याच्या नाना पेठेतून ८५० रुपयांत सांगितलं, पण मध्ये दिवाळी आली आणि पार्सल यायला नोव्हेंबर उजाडला. किटमध्ये नायलॉनची फ्लोट नीडल (पातळी भरली की पेट्रोल थांबवणारी), नीडल जेट, पायलट जेट (स्लो रेसचं पेट्रोल देणारा), फायबर वॉशर, बाजूच्या झाकणाचं पॅकिंग आणि फ्लँजचं (इंजिनला जोडणाऱ्या सपाट तोंडाचं) पॅकिंग असतं. जेटवरचा नंबर विकत घेतानाच वाचून घ्या. अमलचा मेन जेटचा नंबर म्हणजे मिनिटाला किती सीसी पेट्रोल त्यातून वाहतं ते. मिकुनीच्या नंबराशी त्याचा मेळ घालायला जाऊ नका. मिकुनीतच षटकोनी जेट आणि गोल जेट यांचे नंबर एकमेकांशी जुळत नाहीत.

उतरवण्याचा क्रम सोपा आहे. कॉक बंद, नळी सोडा, एअर फिल्टरचा रबर मागे सरकवा. वरची खाचांची गोल रिंग हाताने फिरवून सोडली की स्लाइड (मुठीने वर-खाली होणारी झडप) आणि सुई केबलसकट वर येते. ती फडक्यात गुंडाळून टाकीवर ठेवा, लोंबकळत ठेवू नका, सुई वाकते. मग फ्लँजचे दोन नट आळीपाळीने थोडे थोडे सोडायचे. रिंग घट्ट बसली असेल तर पकडीने दाबू नका. बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची आहे, ती दाबाने लंबगोल होते आणि मग स्लाइड कायमची अडकते. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं पाच मिनिटं गुंडाळलं की रिंग सुटते.

बाजूच्या झाकणाचे तीन स्क्रू काढले की फ्लोट दिसतो. तो आडव्या पिनवर झुलतो आणि पिनवर एक छोटी पितळी बुश असते. खोलताना तळाशी ट्रे ठेवा, कारण ती बुश हमखास घरंगळते आणि तिच्याशिवाय फ्लोट झाकणाला घासून अडकतो. परत बसवताना फ्लोटच्या बिजागरीचा अरुंद पाय वर. उलटा बसला तर पेट्रोल थांबत नाही, टिकलरच्या (फ्लोट खाली दाबायच्या बटणाच्या) भोकातून वाहत राहतं.

खालचा नट, मेन जेट, जेट होल्डर, नीडल जेट या क्रमाने खालून निघतात. आतला जेट ब्लॉक काढायचा तर पायलट एअर स्क्रूच्या डावीकडे थोडा खाली एक छोटा स्क्रू असतो, तो आधी काढायला लागतो. तो ब्लॉकला जागेवर धरून ठेवतो. हा स्क्रू न काढता खालून ठोकलेले कितीतरी जेट ब्लॉक बाजारात भंगारात पडलेत. स्क्रू काढल्यावर लाकडी दांडकीने खालून वर हलकं ढकललं की ब्लॉक निघतो.

५.८ टक्क्यांचं कारण इथे सापडलं, एक नव्हे तर तीन. पायलट जेटमध्ये कधीकाळी कोणीतरी स्टीलची तार घालून भोक मोठं केलेलं होतं. भिंगाखाली भोकाची कड ओरखडलेली दिसत होती. पायलटच्या हवेचा मार्ग अर्धा बुजला होता, चॉकलेटी डिंकासारखा थर. पेट्रोल वाढलेलं आणि हवा कमी झालेली, म्हणजे दोन्हीकडून रिच. आणि फ्लोट नीडलच्या टोकाला गोल खाच पडली होती, त्यामुळे पेट्रोलची पातळी वर राहत होती.

सफाईसाठी आम्ल कुठलंही वापरू नका. चिंच, लिंबू, संडास साफ करायचं लिक्विड, सगळं वर्ज्य. जस्त त्यात विरघळतं आणि बॉडी आतून खरखरीत होते. कॉस्टिक सोड्याचंही तेच. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे, रात्रभर भिजवणं आणि कॉम्प्रेसरची हवा एवढं बहुतेक वेळा पुरतं. इथे पायलटचा मार्ग त्यानेही मोकळा झाला नाही, म्हणून इंजेक्टर साफ करणाऱ्याकडच्या अल्ट्रासोनिक मशीनमध्ये ४०० रुपये देऊन बॉडी धुवून घेतली. स्लाइडच्या पुढे, इंजिनच्या बाजूला, दोन अगदी बारीक भोकं असतात: एक पायलटचं तोंड, दुसरं बायपास. दोन्हींतून स्प्रेची वेगवेगळी धार यायला हवी. येत नसेल तर गिटारची सगळ्यात बारीक तार घालायची, तीही नुसती आत-बाहेर, फिरवायची नाही.

फ्लँज जाड काचेवर ठेवून बघितली तर मधोमध उजेड दिसत होता. हा मोनोब्लॉकचा जुना रोग. गळती थांबवायला लोक दोन नट आवळत जातात, कानांकडची बाजू ओढली जाते, मध्ये फट पडते, गळती वाढते, की पुन्हा आवळतात. काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर, थोडं रॉकेल, आणि बॉडी आठच्या आकड्यात हलक्या हाताने फिरवायची. चिकाटीचं काम आहे. सगळ्या पृष्ठभागावर सारखी चमक आली की थांबा. बसवताना कार्बोरेटर आणि हेडच्या मध्ये फायबरचा जाड स्पेसर हवाच, नाहीतर हेडची उष्णता सरळ बॉडीत येऊन पेट्रोल उकळतं. नट बोटाने पुरते लावून मग पान्याने आळीपाळीने पाव पाव आटा (फेरा). त्याहून जोर लागत असेल तर फ्लँज अजून सपाट नाही.

पेट्रोल नळीही बदलली. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुने रबर त्यात फुगतात, पारदर्शक प्लास्टिकची नळी काही महिन्यांत कडक होऊन टोकाला तडकते. नळीवर जे३० आर९ असा छाप बघून घ्या, मीटरला दीड-दोनशे रुपये पडतात, लागते एक फूटभर.

मोनोब्लॉकचं सेटिंग असं. पायलट एअर स्क्रू पूर्ण आत लावून दीड आटा बाहेर. हा स्क्रू आत घेतला की रिच, बाहेर काढला की लीन, म्हणजे पेट्रोल कमी. इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम केल्यावरच पुढचं. स्लो रेसचा स्क्रू थोडा चढवायचा, मग एअर स्क्रू हळूहळू फिरवत जिथे रेस सगळ्यात जास्त आणि ठोके सारखे पडतात तिथे थांबायचं, मग रेस खाली आणायची. या गाडीला सव्वा आट्यावर ती जागा मिळाली. नवीन पायलट जेट मूळच्याच ३० नंबरचा टाकला, मेन जेट आतला १८० चाच ठेवला, सुईची क्लिप वरून तिसऱ्या खाचेत.

पीयूसी केंद्रावर पुन्हा गेल्यावर कार्बन मोनॉक्साइड ३.९. मर्यादेच्या आत. दुचाकीचे ५० रुपये लागतात आणि इतक्या जुन्या गाडीला पीयूसी सहा महिन्यांची मिळते. हे मशीन स्लो रेसच्या मिश्रणाचं मोजमाप देतं. कानाने चाचपडण्यापेक्षा पन्नास रुपये टाकून आकडा बघणं कितीतरी बरं. केंद्रावर गर्दी नसेल तर नळी सायलेन्सरमध्ये असतानाच एअर स्क्रू पाव आटा फिरवून फरक बघू देतात. मात्र मशीन नुसत्या स्लो रेसचं सांगतं. पाऊण थ्रॉटलला काय चाललंय ते त्याला माहीत नसतं.

एवढ्यावर काम संपायला हरकत नव्हती. पण गाडी तापली की स्लो रेस डळमळायची, कधी वर चढून राहायची, कधी सिग्नलला बंद पडायची. थ्रॉटल मिटताना बॉडीतून टक् टक् असा आवाज. हे स्लाइड झिजल्याचं लक्षण. इंजिनची ओढ स्लाइडला पुढे खेचत असते, त्यामुळे स्लाइड आणि बॉडी दोन्ही त्या अंगाला झिजतात आणि बाजूने चोरटी हवा आत येते. फीलर गेजने मोजलं तर स्लाइड आणि बॉडीमध्ये ०.२५ मिमीची पट्टी आरामात जात होती. ०.१० च्या वर गेलं की स्लो रेस स्थिर राहत नाही. नवीन स्लाइड टाकून अर्धाच फायदा होतो, कारण बॉडीही तेवढीच झिजलेली असते.

एक पर्याय बॉडी बोअर करून पितळी स्लीव्ह बसवणं किंवा जाड मापाची पितळी स्लाइड करून घेणं. कोडोलीच्या एमआयडीसीतल्या एका लेथवर विचारलं. बोअरिंग आणि स्लाइड मिळून १,८०० ते २,२०० रुपये, आणि बॉडी चकमध्ये धरताना चिरली तर जबाबदारी आपली. काम जमण्यासारखं आहे, ज्यांना गाडी पूर्ण मूळ रूपात ठेवायची त्यांनी तेच करावं. रोज चालवायच्या गाडीसाठी मिककार्ब व्हीएम२४ चा हिशेब सरळ बसतो: घशाचा व्यास २४ मिमी, पुढच्या बुलेटवर कारखान्यातूनच आलेला, आणि जेट कुठेही मिळतात.

नोव्हेंबरच्या शेवटी तो मागवला. अस्सल मिककार्ब ३,४०० ला पडला. तशीच दिसणारी नक्कल १,३०० पासून आहे. नक्कल ओळखायची ती वजनावरून नाही, आतून: जेटवर नंबर अस्पष्ट किंवा नसतोच, सुईवर कोड कोरलेला नसतो, फ्लोट बाऊलच्या कडेला ओतकामाचे कोंब राहिलेले असतात, आणि स्लाइड वर-खाली केली तर मध्येच अडते. नक्कल चालते, पण तिच्या जेटचा नंबर खरा नसल्यामुळे सेटिंग करता येत नाही. वाचलेले दोन हजार पेट्रोलमध्ये जातात.

बसवण्याआधी चार मापं घ्यावी लागतात. फ्लँजच्या दोन स्टडमधलं अंतर कॅलिपरने दोन्हीकडे. स्पेसर आणि पॅकिंगचं भोक कार्बोरेटरच्या घशापेक्षा लहान असता कामा नये. पॅकिंगची एक मिमीची कड जरी आत आली तरी तिथे पेट्रोलचे थेंब साचतात आणि स्लो रेस पुन्हा बिघडते. जुन्या स्पेसरची कड गोल कानशीने घासून घेतली. तिसरं, एअर फिल्टरचा रबर. मिककार्बच्या मागच्या तोंडाचा व्यास अमलपेक्षा वेगळा आहे, जुना रबर ताणून बसवला तर उतारावर धक्क्याने सुटतो. नव्या मापाचा रबर १२० रुपये. चौथं, केबल. अमलची केबल मिककार्बला लावू नका. आतल्या तारेची मोकळी लांबी आणि बोंड दोन्ही निराळे. पुढच्या मॉडेलची केबल २२० ला मिळते. बसवल्यावर मुठीला दोन-तीन मिमी मोकळीक ठेवा, आणि इंजिन चालू असताना हँडल डावीकडे-उजवीकडे पुरतं वळवून बघा. रेस वाढत असेल तर केबल कुठेतरी ताणली जातेय. ही तपासणी विसरून घाटाच्या वळणावर जाऊ नये.

फ्लँजच्या खाचेत ओ-रिंग असते. ती असताना वरून हिरवा-लाल कुठलाही सिलेंट लावायचा नाही, तो आत सरकून पायलटच्या तोंडाशी चिकटतो.

किक मारायची सवयही बदलावी लागते. अमलला टिकलर दाबून पेट्रोल ओलं करायचं आणि थ्रॉटल किंचित उघडायचा. मिककार्बचा चोक म्हणजे वेगळा छोटा मार्ग आहे. थ्रॉटल मिटलेला असेल तरच तिथे ओढ तयार होते. चोक ओढून मूठ पिळली तर चोकचा उपयोग शून्य. थंडीत गाडी चालू होत नाही म्हणून मिककार्बला शिव्या घालणाऱ्यांपैकी बरेचजण मूठ पिळून किक मारत असतात.

आता जेट. नव्यात ९० चा मेन जेट आणि २५ चा पायलट होता. इथे साताऱ्याचा भूगोल आणि आजचं पेट्रोल दोन्ही हिशेबात घ्यावे लागतात. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे. तिथे हवा सहा-सात टक्के विरळ. त्यामुळे मिश्रण साधारण तीन-साडेतीन टक्के रिच होतं, विरळपणाच्या निम्मंच, कारण हवेबरोबर जेटवरची ओढही थोडी उतरते. कासच्या पठारावर, १,२०० मीटरवर, हवा अकरा टक्के विरळ आणि मिश्रण सहा टक्क्यांच्या आसपास रिच. उलट इथेनॉल. साध्या पेट्रोलला जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉल मिसळल्यावर साडेतेरा पट. म्हणजे त्याच जेटवर मिश्रण आठेक टक्के लीन. दोन्हींची वजाबाकी केली तर साताऱ्यात गाडी चार-पाच टक्के लीन चालते आणि कासला जेमतेम दोन टक्के. जुन्या पुस्तकातला 'उंचीवर जेट लहान करा' हा नियम त्या काळच्या पेट्रोलसाठी बरोबर होता. आज इथे तो लावला तर पिस्टन तापतो.

म्हणून ९०, ९२.५ आणि ९५ असे तीन जेट जवळ ठेवले. प्रत्येकी ६० रुपये. मुठीवर आणि हाऊसिंगवर पांढरी टेप चिकटवून त्यावर पेनाने चार खुणा केल्या: मिटलेला, पाव, अर्धा, पाऊण. ही टेप सगळ्या हत्यारांपेक्षा जास्त कामाची. कारण प्रत्येक टप्प्याला वेगळा भाग जबाबदार असतो. आठव्या हिश्शापर्यंत पायलट आणि एअर स्क्रू, तिथून पावपर्यंत स्लाइडचा खालचा तिरपा काप, पाव ते पाऊण सुई, पाऊणच्या वर मेन जेट. गाडी कुठल्या खुणेला अडखळते ते बघितलं की काय बदलायचं ते ठरतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि लिहून ठेवायची.

चाचणीला साताऱ्याहून कासकडे चढणारा यवतेश्वरचा घाट उत्तम. चढ लांब, वेग बेताचा, थ्रॉटल बराच वेळ पाऊणच्या वर धरता येतो. रविवारी कासच्या गर्दीत करू नका. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी लवकर. ९० च्या जेटवर तिसऱ्या गियरला चढावर आतून खळखळ असा नॉकिंगचा आवाज आला आणि प्लगचं चिनीमातीचं टोक पांढरंफटक. ९५ वर नॉकिंग गेलं पण पाऊणच्या वर गाडी जड झाली, मूठ पिळली तरी वेग वाढेना, उलट मूठ थोडी सोडली की पळायची. हे रिचचं पक्कं लक्षण. ९२.५ वर दोन्ही गेलं. वर कासला तोच जेट, तरी कुठे घुसमट नाही.

प्लग बघायची पद्धत जुनीच: चढावर थ्रॉटल धरून असताना एकदम क्लच दाबून इग्निशन बंद करायचं, बाजूला घ्यायचं, प्लग काढायचा. स्लो रेसवर घरापर्यंत आणलेला प्लग काहीच सांगत नाही. आजच्या पेट्रोलवर पूर्वीसारखा विटकरी-चॉकलेटी रंग येत नाही, फिकट बदामी आला तरी ठीक समजा. चिनीमातीवर चकचकीत बारीक ठिपके दिसले तर मात्र लगेच थांबा, ते पिस्टनचं वितळलेलं ॲल्युमिनियम असतं.

अर्ध्या थ्रॉटलला अजून थोडी उचकी होती, साठच्या वेगाला जाणवायची. सुईची क्लिप तिसऱ्या खाचेतून चौथ्यात घेतली. क्लिप खाली गेली की सुई वर उचलली जाते आणि मिश्रण रिच होतं. इथे लोक उलटं धरतात. उचकी गेली. एअर स्क्रू दीड आटा बाहेर. व्हीएमचा हा स्क्रूही हवेचाच आहे, आत रिच, बाहेर लीन, अमलसारखाच. स्लाइडच्या कापाला हात लावला नाही. तिथे एक लक्षात ठेवा: अमलच्या स्लाइडचा ३.५ म्हणजे इंचाचे सोळावे भाग, मिकुनीचा २.५ किंवा ३ म्हणजे मिलिमीटर. आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये.

हवेची गळती तपासायला स्लो रेसवर फ्लँजच्या सांध्यावर सिरिंजने दोन थेंब हलकं तेल सोडायचं. रेस बदलली तर गळती. सायलेन्सरच्या बाजूला सोडू नका आणि पेट्रोल तर अजिबात वापरू नका.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पीयूसी पुन्हा केली: २.४ टक्के. तेवढ्यात आरसीचं काम सुरू. परिवहनच्या संकेतस्थळावर नमुना २५ (नूतनीकरणाचा अर्ज) भरायचा; विमा, पीयूसी आणि आरसी जोडायची. जुनी आरसी वही असेल आणि गाडीची नोंद ऑनलाइन दिसत नसेल तर आधी आरटीओत जाऊन ती नोंद चढवून घ्यावी लागते, त्याला आठ-दहा दिवस धरून चला. वीस वर्षांवरच्या दुचाकीला नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून २,००० रुपये झाली आहे, आणि पर्यावरण कर तेव्हा पाच वर्षांचा आणखी २,००० होता. नवीन सुरक्षा नंबरप्लेट ५३१ ची, तीही आधीच लावून ठेवा. मुदत उलटली तर मोटारसायकलला महिन्याला ३०० रुपये विलंबाचे. गाडी तपासणीला न्यावी लागते. चेसिस नंबर तेल-मातीखाली दबलेला असतो, तो रॉकेलने साफ करून कागद ठेवून पेन्सिलने घासलेली छाप बरोबर ठेवली की खिडकीवर वेळ वाचतो.

कार्बोरेटर बदलला याची नोंद आरसीत करावी लागते का, असं बरेचजण विचारतात. आरसीत इंजिन नंबर, चेसिस नंबर, इंधन, रंग असतं, कार्बोरेटर नसतो. त्याच इंधनावर कार्बोरेटर बदलला तर आरसीतलं काहीच बदलत नाही. तपासणीतही तो विषय निघाला नाही. फक्त एक गोष्ट: 'विंटेज' नोंदणीसाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जास्त व्हावी लागतात आणि गाडी मूळ रूपात लागते. ही गाडी त्या वयाला डिसेंबर २०३० मध्ये पोहोचेल. तेव्हा अमल हातात असलेला बरा. तो विकायला पंधराशे रुपये देणारे भेटतात, पण जेट ब्लॉक न फुटलेली बॉडी पुन्हा मिळणं कठीण.

खर्चाचा आकडा: किट ८५०, अल्ट्रासोनिक ४००, नळी आणि किरकोळ २००, मिककार्ब ३,४००, केबल आणि रबर ३४०, सुटे जेट १८०, पीयूसीचे तीन वेळचे १५०. मिळून ५,५२० रुपये. अमलवरच थांबलो असतो तर दीड हजारात भागलं असतं, आणि ज्यांची स्लाइड अजून घट्ट आहे त्यांनी तिथेच थांबावं.

गाडी दोन आठवड्यांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग बाऊलच्या खालचा स्क्रू सोडून उरलेलं पेट्रोल काढा. इथेनॉल हवेतलं पाणी धरतं आणि बाऊलच्या तळाशी पांढरी भुकटी जमते. तीच वर जाऊन पायलटच्या भोकात बसते. काढलेला अमल पूर्ण कोरडा करून आतून इंजिन ऑइलचा हात फिरवला, स्लाइड आत घालून तोंडं मेणकागदाने बांधली, आणि जेटचे नंबर लिहिलेली चिठ्ठी त्याच पिशवीत ठेवली.